नव्वदच्या वर

६ मार्च

दूध काढून झालं की पुढची वेळ होईपर्यंत करायला काही नसतं, म्हणून लिहायला बसले आहे. नाहीतर मी कुणाचं तरी डोकं फोडेन. नवऱ्याचं फुटणारच होतं, थोडक्यात वाचला.

पोरगी सातवा लागायच्या आतच बाहेर आली. मी कत्तलखान्यात माझ्या टेबलाशी उभी होते. मेंढ्यांच्या पोटातला माल वेगळा करायचा, काळीज एका टबात, फुप्फुसं दुसऱ्या टबात, हे माझं काम. एकदम पाय ओले झाले. ते पाणी मेंढीचं नाही, माझं आहे, हे कळायलाच वेळ गेला. दादा, म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, तिथेच धडं उचलायला असतो. त्याने मला मांसाच्या हातगाडीवर घातलं आणि फाटकापर्यंत पळवत नेलं. मला शुद्ध आली तेव्हा पोट शिवलेलं होतं आणि पोरगी काचेच्या पेटीत होती. माझ्या पंजाएवढी. तोंडात नळी आणि नळीला मशीन.

आज कळलं की एक डॉक्टरीण रोज तिच्या नळीतून चिकट पाण्याचे दोन थेंब काढून नेते. बारीक अंगाची, नाक टोकदार, बोलणंही तसंच. मी तिचं नाव टाचणी ठेवलंय. विचारलं तर म्हणाली, "इतक्या लवकर जन्मलेल्या काही बाळांची फुप्फुसं कायमची आजारी राहतात. कुणाची राहणार हे कळतं तोवर उशीर झालेला असतो. या थेंबांत सुजेची खूण आधीच दिसते का, ते मी तपासतेय. तुमच्या मिस्टरांनी सही दिलीय."

मी बेशुद्ध पडलेली, आणि हा सह्या देत बसला. तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर बाकावर बसला होता. मी कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल उचलून भिरकावलं. टाके ओढले गेले म्हणून नेम चुकला आणि भिंतीचा पोपडा निघाला.

"अहो, कुणाला विचारून सही केलीत?"

"अगं, नळी साफ करताना ते एरवी फेकूनच देतात. पोरीला काही त्रास नाही त्याचा." आइस्क्रीमची गाडी चालवतो आणि स्वभावही तसाच आहे, जरा कुणी तापलं की हा वितळायला लागतो.

आवाजाने मोठ्या बाई आल्या. नर्सा सगळ्या यांच्या हाताखाली. "परत फर्निचर उडालं तर तुम्हाला आत सोडणार नाही," एवढंच म्हणाल्या. त्यांना मी घाबरत नाही, पण दार त्यांच्या ताब्यात आहे.

९ मार्च

पोरीच्या उशाशी टीव्हीसारखा पडदा आहे. त्यावर एक निळा आकडा असतो, रक्तात ऑक्सिजन किती आहे तो. काल नव्वद, आज एक्क्याण्णव. मशीनवर एक गोल बटण आहे, त्याने हवेत ऑक्सिजन किती मिसळायचा ते ठरतं.

दुपारच्या नर्सला आम्ही बडबडी म्हणतो. चार पेट्यांना एकटी धावत असते, पण तोंडाचा पट्टा थांबत नाही. बसमध्ये कोण तिच्या पायावर उभं राहिलं, तिच्या आईने फोनवर काय सुनावलं, सगळं पेटीतल्या पोरांना सांगते. आमच्या पोरीला राणीसाहेब म्हणते. मी तिला विचारलं, आकडा शंभर का करत नाहीस.

"राणीसाहेबांना नव्वद ते पंचाण्णवच्या मधेच ठेवायचा हुकूम आहे. खाली गेलं तरी घंटा, वर गेलं तरी घंटा. जास्त ऑक्सिजन फुप्फुसांना आणि डोळ्यांना बाधतो. आई, तुम्ही जेवलात का? चेहरा बघा कसा झालाय."

ऑक्सिजन बाधतो म्हणे. उद्या सांगतील पाणी बाधतं.

दूध काढायच्या खोलीत शेजारी जुळ्यांची आई बसते. ती हळूच म्हणाली, "शिल्लक ठेवतात ते. वरच्या मजल्यावर पैसेवाल्यांच्या खोल्या आहेत ना." मला आधीपासून हाच वास येत होता. मी आयुष्यात इतकी फुप्फुसं हातात घेतलीत की या टाचणीने चित्रातही बघितली नसतील. हवा भरलेलं फुप्फुस गुलाबी असतं, हलकं असतं, पाण्यात टाकलं तर तरंगतं. बसकं, काळपट फुप्फुस बुडतं आणि तपासनीस ते फेकायला लावतो. जितकी हवा तितकं चांगलं. यात शिकायचं काय आहे?

१४ मार्च

केलं.

दुपारी पोरीला नळीसकट माझ्या उघड्या छातीवर ठेवतात. अंगाची ऊब मिळाली की वाढतात म्हणे. बडबडी पलीकडच्या पेटीत वाकली होती. माझा हात बटणापर्यंत पोचतो. मी ते फिरवलं. घंटा वाजायला लागायच्या आत तिला गप्प करायचं बटण दाबलं, तेही मी आधीच बघून ठेवलं होतं. ब्याण्णव, पंचाण्णव, अठ्ठ्याण्णव. मग शंभर. पोरीचे ओठ असे गुलाबी झाले की मला रडू फुटलं. पोर झाल्यापासून तिच्यासाठी मी स्वतः केलेली ही पहिली गोष्ट.

नर्स आकडे लिहायला यायच्या आत बटण जुन्या रेघेवर आणून ठेवलं. कुणाच्या बापाला कळलं नाही.

२२ मार्च

आता रोजचंच झालंय. बटण मागे घेतलं की पोरगी आधीपेक्षा जास्त खाली घसरते, पंच्याऐंशीपर्यंत, घंटा मीच गप्प करते, आणि मग सावकाश वर येते. तिची भूक भागत नाही, असाच याचा अर्थ. मी जरा जास्त वेळ ठेवते.

आज टाचणी नर्सांनी लिहिलेल्या आकड्यांचे कागद घेऊन आली. रात्री झोपली नसावी. म्हणाली, "कागदावर तुमची मुलगी छान चाललीय, ऑक्सिजन कमी लागतोय. पण थेंबांत सूज रोज वाढतेय. हे जुळत नाही. माझ्याच तपासणीत काहीतरी घोळ आहे."

मला हसू दाबावं लागलं. कमी कसा लागणार नाही बाई, मी पाजते ना वरचेवर. तुझे थेंब ने आणि ओत मोरीत.

नवऱ्याला सांगावंसं वाटलं, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दादाला सांगितलं असतं तर त्याने पाठ थोपटली असती. त्यालाही नाही सांगितलं.

२९ मार्च

मनगटाला पट्टी बांधलीय, अक्षर वेडंवाकडं येणार.

जुळ्यांतला एक सकाळी गेला. त्याची आई दूध काढत बसली होती, तिथेच तिला सांगितलं. ती ओरडली नाही. हातातली बाटली तिने भिंतीवर आपटली आणि मग स्वतःचं कपाळ आपटायला लागली. तिला धरताना माझ्या मनगटाला ती चावली. जाऊ दे, तिच्या जागी मी असते तर मांसाचा तुकडाच काढला असता.

तेवढ्यात तिचे दीर, भाऊ, आणखी कोण कोण, सगळे दार तोडून पेट्यांच्या खोलीत घुसले आणि मी त्यांच्या मागे धावले. कुणीतरी टाचणीला केसांना धरून ओढलं, ती सुटून चादरींच्या कपाटात शिरली आणि आतून कडी घातली. मग कपाटावर लाथा. एकाने खुर्ची घेऊन काचेचं तावदान फोडलं. दुसरा पेट्यांच्या वायरी उपसत येत होता. आमच्या पेटीकडे वळला. मी सलाइनचा खांब उचलला आणि त्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ओळखता येतो. तो खाली बसला. मी आणखी एक हाणला. गरज नव्हती, पण हाणला, आणि हाणताना बरं वाटलं हेही लिहून ठेवते.

मागे वळून बघते तर बडबडी आमच्या पेटीवर पालथी पडली होती, हात दोन्ही बाजूंना पसरून. पाठीत काचा घुसलेल्या. आणि तोंडाने चालूच होतं, "काही नाही हं राणीसाहेब, काही नाही, पाहुणे आलेत."

पोलिसांनी त्यांना नेल्यावर तिला पट्ट्या बांधायला घेऊन गेले. मी आत एकटीच होते. एवढ्या आवाजात पोरगी घाबरली असणार, म्हणून मी बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. तिला शांत झोप लागली.

५ एप्रिल

वाईट झालं.

बटण वर होतं आणि मोठ्या बाईंनी मला दूध काढायला हाक मारली. पोरीला पेटीत ठेवलं आणि मी घाईत तशीच गेले. परत आले तर टाचणी मशीनसमोर उभी, चेहरा पांढरा.

"हे शंभरवर कुणी नेलं? फुप्फुसं जाळायचीत का या पोरीची?"

बडबडी म्हणाली, "मी नाही मॅडम. मी पलीकडे होते."

"मग काय भुताने केलं?"

"खरंच नाही मॅडम. मी हातही नाही लावला."

मी दुधाची बाटली धरून दारात उभी होते. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. बडबडीने माझ्याकडे एकदा बघितलं. तिला काही कळलं होतं की नुसतीच बघत होती, मला सांगता येत नाही. मोठ्या बाईंनी तिला चौकशी होईपर्यंत घरी पाठवलं. जाताना ती एक अक्षर बोलली नाही.

दादा काचेच्या पलीकडे उभा राहून सगळं बघत होता. बाहेर आले तर म्हणाला, "त्या नर्सनं आपल्या पोरीची फुप्फुसं जाळली?"

"चुकलं असेल काहीतरी."

"कुणाचं चुकलं?"

"मला काय माहीत, दादा. डोकं नको खाऊस."

जाळायची, हा शब्द मात्र डोक्यातून जात नाहीये. ऑक्सिजनने कसं जळेल?

७ एप्रिल

चौकशीला जबाब द्यायला बडबडी आज आली होती. परत जाताना दादाने तिला मागच्या फाटकाशी गाठलं.

नवऱ्याने बघितलं. त्याची गाडी तिथेच लागली होती. म्हणाला, दादाने काही विचारलंही नाही, नाव घेतलं नाही, सरळ ठोसा मारला. ती पडली. मग तिचे केस धरून उभी केली आणि दुसरा मारला. तिसऱ्या वेळी नवरा मध्ये पडला, म्हणून त्याचीही बरगडी गेली. माझा नवरा मध्ये पडला, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. बडबडीचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय. दात रस्त्यावर पडले होते. कुणीतरी ते रुमालात गोळा करून आत पाठवले, बसवता आले तर बसवतील म्हणून.

मी पहिली गोष्ट काय विचारली, तर उजव्या हाताने मारलं की डाव्या. उजव्या, म्हणाला. दादा एका खांद्यावर अख्खं धड घेऊन चालतो. मग जबडा जाणारच होता.

"एवढंच विचारायचंय तुला?" नवऱ्याने विचारलं. बरगडी धरून तो माझ्याकडे असा बघत होता, जसं त्याने दादाकडे बघितलं असेल. मी उठून बाहेर गेले.

दादाला पोलिसांनी नेलंय.

१० एप्रिल

पोरगी नळीवरून उतरत नाहीये. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा निळी पडली. ती स्वतःच्या जोरावर श्वास घेत घरी यावी, याशिवाय मला जगात दुसरं काही नको आहे. पाच तारखेपासून मी बटणाला हात लावलेला नाही.

टाचणी आणि थोरले डॉक्टर पेटीपाशी बोलत होते. मी शेजारच्या कापडी पडद्यामागे दूध काढत होते.

टाचणी म्हणाली, "कागद म्हणतो सौम्य आहे, थेंब म्हणतात गंभीर आहे. एका दुपारच्या चुकीने एवढी सूज येत नाही. थेंब खरे असतील तर आज स्टेरॉइड सुरू करायला हवं. नाहीतर ही नळीवरून उतरणार नाही."

"आणि थेंब खोटे असतील तर? स्टेरॉइड मेंदूला महाग पडू शकतं. सौम्य असेल तर का द्यायचं? तुझी तपासणी नवी आहे. मी कागदावर चालणार."

"सर, कागद खोटा असला तर?"

"कागद कोण खोटा करेल?"

मी तिथून निघाले ती थेट कत्तलखान्यात गेले. कुणी अडवलं नाही, वाटलं असेल पगार न्यायला आलीय. माझ्या टेबलावर दुसरीच बाई होती. मी टबातून एक फुप्फुस उचललं, श्वासनळीत धुलाईच्या हवेचा पाइप खुपसला आणि नळ सोडला. फुगलं, गुलाबी झालं, काय सुंदर दिसत होतं. मी नळ आणखी सोडला. आणखी. ते फाटलं आणि माझ्या तोंडावर, डोळ्यांत, सगळीकडे उडालं. टेबलावरची बाई किंचाळली. मी दुसरं घेतलं. तेही फाटलं. तिसरं घेतल्यावर मुकादमाने मला मागून कवेत धरलं आणि बाहेर नेऊन पायरीवर बसवलं. "बाई, घरी जा," तो म्हणाला, "तुझं काही खरं दिसत नाही."

सांगितलं तर आत जायचं बंद होणार. दादाच्या गळ्याभोवतीचा फास आवळणार. नवरा राहील की जाईल, तेही सांगता येत नाही. नाही सांगितलं तर थोरले डॉक्टर कागदावर चालणार आणि कागद माझ्यामुळे खोटा आहे.

११ एप्रिल

सांगितलं. टाचणीला जिन्यात गाठलं.

"थेंब खरे आहेत," म्हटलं. "बटण मी फिरवत होते. नर्स लिहायला यायच्या आत परत ठेवायची."

तिला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "कधीपासून?"

"पोरीला छातीवर द्यायला लागलात तेव्हापासून. जवळजवळ रोज."

"कितीवर न्यायचात?"

"शेवटपर्यंत."

टाचणीने माझ्या थोबाडीत मारली. अंगात जोर नाही तिच्या, पण पूर्ण हात फिरवून मारली, कानात आवाज घुमला. मी दुसऱ्या कुणाचा हात एव्हाना मुरगळून ठेवला असता. मी तशीच उभी राहिले. ती आपल्याच पंजाकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"मारायला नको होतं मी," ती म्हणाली.

"फुप्फुस फाटतं का हो? मी काल मेंढीचं फाडून बघितलं."

"ते हवेच्या दाबाने. हे वेगळं आहे, आतून सुजवतं, पोळल्यासारखं." ती पुढेही काही सांगत होती, पण मधेच थांबली. "बाजूला व्हा," म्हणाली आणि जिना चढत पळत सुटली.

दुपारी औषध सुरू झालं. मोठ्या बाईंनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, नजरही वर केली नाही. "उद्यापासून बाळाच्या वडिलांना छातीवर देऊ. तुम्ही बाहेर दूध काढा आणि खिडकीतून द्या." मी बरं म्हटलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. वाटलं होतं, आज तरी हा मला मारेल. त्याने गाडीची किल्ली घेतली आणि गेला. तेव्हापासून गाडीतच झोपतो.

१३ एप्रिल

चौकीत जाऊन दादाला भेटले. त्याच्या उजव्या हाताची बोटं सुजलेली होती. मला बघून हसला. "पोरगी कशी आहे आपली? त्या बयेला चांगला धडा शिकवलाय, काळजी करू नकोस."

मी सांगितलं. सगळं, बटणासकट.

दादा उठून पुढे आला. गजांना धरून उभा होता. एवढा मोठा माणूस, लहानपणी बाबा माझ्यावर पट्टा उगारायचे तेव्हा मध्ये येऊन पाठ द्यायचा तो.

"मग मी तिला कशासाठी मारलं?" त्याने विचारलं.

तो परत परत तेच विचारत राहिला, आवाज चढत गेला, आणि मग त्याने गजांवर डोकं आपटायला सुरुवात केली. दोन शिपाई आत गेले. त्यांनी त्याला काठ्यांनी झोडपलं, आधी थांबवायला आणि नंतर उगाचच. मी ओरडून सांगत होते की मारू नका, त्याची चूक नाही. पण त्याची चूक होतीच, हे ओरडतानाही मला कळत होतं.

जबाब लिहून दिला. खाली सही केली.

२४ एप्रिल

नळी निघाली.

मी बाहेर बाकावर होते. आतून एक चिरका आवाज यायला लागला, दाराची बिजागरी करकरते तसा. कुणाचं तरी पोर रडतंय, एवढंच वाटलं. मग नवरा बाहेर आला, शर्टाची बटणं उघडी. किती दिवसांनी माझ्याशी बोलला.

"काढली नळी. नुसती नाकाशी वारा देतात आता." मग थोडा थांबून म्हणाला, "रडतेय ती आपलीच आहे. आवाज तुझ्यावर गेलाय."

मी दाराला कान लावून बसले. मोठ्या बाई दोनदा येऊन गेल्या, हाकललं नाही.

६ मे

डोळे तपासले. उजवा चांगला आहे. डाव्यावर लक्ष ठेवायचं आहे. माझ्या हातून काय काय झालंय ते असं हप्त्या-हप्त्याने कळणार बहुधा.

दूध कमी झालंय. तरी जेवढं येतं तेवढं खिडकीतून देते.

१७ जून

उद्या पोरगी घरी येणार. सिलिंडरसकट.

टाचणीने आम्हा दोघांना बसवून सांगितलं. फुप्फुसाचा आजार राहिला आहे. वर्ष-दोन वर्षं जपायचं, नवीन फुप्फुस वाढत जातं तसं सुधारेल. तोवर नाकाशी बारीक नळी आणि थोडा ऑक्सिजन. "औषध उशिरा दिलं असतं तर आज हे बोलणंही झालं नसतं," म्हणाली. माझ्या गालाकडे तिची नजर गेली आणि ती लगेच कागद चाळायला लागली.

"सिलिंडरचं बटण कोण सांभाळणार?" तिने विचारलं.

नवरा म्हणाला, "मी शिकतो."

"तुम्ही दिवसभर गाडीवर असणार. दिवसा कोण?"

नवऱ्याने माझ्या हातांकडे बघितलं. मीही बघितलं. मग तोच म्हणाला, "हिला शिकवा." टाचणी मला घेऊन शेवटच्या खोलीत गेली आणि दारातूनच परत फिरली.

आत बडबडी होती.

दुसऱ्यांदा ऑपरेशन झालंय तिचं. जबडा तारांनी बांधलेला आहे, म्हणून तिला पेट्यांवर ठेवत नाहीत, घरी जाणाऱ्या पोरांच्या आयांना शिकवायचं काम दिलंय. गाल एका बाजूने बसलेला. पोरगी तिच्या मांडीवर होती आणि ती तिच्याकडे बघून नुसतं घशातून काहीतरी करत होती, शब्द नव्हते.

मी दार लावलं आणि तिच्यासमोर उभी राहिले. "मारा," म्हटलं. "मी हात वर करणार नाही. कुणाला सांगणारही नाही."

तिने पोरीला गादीवर ठेवलं, तिची नळी भिंतीतल्या ऑक्सिजनला जोडलेली होती. माझ्याजवळ आली. माझा उजवा हात मनगटाशी धरला, इतका घट्ट की आता बोटं मोडणार असं वाटलं, आणि मी डोळे मिटले. तिने तो हात नेऊन सिलिंडरच्या बटणावर ठेवला. वर स्वतःचा हात ठेवला आणि फिरवायला लावलं. पहिल्या रेघेवर थांबवलं. माझ्या बोटांना पुढे जायचीच सवय, बटण केसभर पुढे सरकलं. तिने ते बंद केलं आणि माझा हात परत त्यावर ठेवला. मी परत चुकले. तिने परत बंद केलं. पुन्हा म्हणायला तिला तोंड उघडता येत नव्हतं. दर वेळी ती बटण शून्यावर नेत होती आणि माझा हात उचलून त्यावर ठेवत होती. तिच्या डोळ्यांत राग होता, तो तिने लपवला नाही, आणि घाईही केली नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. एकदा रेघेवर बरोबर थांबले आणि तिने आपला हात काढून घेतला, पोरीची नळी सिलिंडरला जोडली. बटणावर माझा एकटीचाच हात राहिला, आणि हलला नाही. पडद्यावर ब्याण्णव होते.

बडबडीने पोरीला उचललं, नाकाची नळी नीट केली आणि एप्रिलनंतर पहिल्यांदा तिला माझ्या हातात दिलं.